सद्वर्तनाचं वर्ष

२० जानेवारी, सोमवार

चांगलं वागायचं म्हणे! वर्षभर! चोपन्न वर्षांच्या बाईला सरकार सांगतंय.

आज एकदाचं सरकारी साइटवरचं बटण दाबून टाकलं. लायसन्सवर चुकांचे तेरा पॉइंट भरले की ते दोन पर्याय देतात. तीन महिने लायसन्स जमा करून घरी बसा, नाहीतर बारा महिने ‘सद्वर्तना’ची हमी द्या. या बारा महिन्यांत एक पॉइंट चालतो. दोन झाले की संपलं, आणि मग शिक्षा दुप्पट — सहा महिने. घासाघीस नाही, विनवणी नाही. तीन महिने घरी बसले तर टपालाची फेरी पॉग्सनच्या घशात जाणार. तो टपूनच बसलाय. नवी गाडी घेऊन ठेवलीय मेल्याने. सोमवार, बुधवार, शुक्रवार, एकेका फाट्यावरच्या डब्यात टपाल टाकत ही फेरी मी केली, पुरात केली, धुळीच्या वादळात केली, आणि आता तो नव्या गाडीतून हात हलवत फिरणार? मुळीच नाही. घेतलं सद्वर्तन.

तेरातले तीन वेगाचे. उतारावर कोणाची गाडी पळत नाही? आणि दहा त्या फोनचे. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला फोन मांडीवर होता. नुसता होता. वाजलासुद्धा नव्हता! खांबावरच्या कॅमेऱ्याने वरून माझ्या मांडीचा फोटो काढला आणि पाच पॉइंट लावले. वर सुट्टीचे दिवस म्हणून दुप्पट. सोमवारी पाप एवढं आणि सुट्टीच्या सोमवारी तेवढं — हे गणित कोणत्या टाळक्यातून निघालं असेल, त्याला एकदा भेटायचंय मला.

शाळेत गुण मिळाले की पाठ थोपटायचे. इथे मिळाले की लाज काढतात.

नेव्ह म्हणाला, “वर्षच तर आहे, ग्लेन.” नवऱ्याचं असंच असतं. त्याला कशाचंच काही वाटत नाही. सायलोवर धान्य मोजतो, घरी येतो, जेवतो, झोपतो. बायको आता गुन्हेगार आहे हे त्याच्या गावीही नाही.

२२ जानेवारी, बुधवार

शंभरच्या रस्त्यावर शंभरने. मागे तीन डब्यांचा ट्रक, त्याचं नाक माझ्या काचेत. दिवे मारतोय, भोंगा वाजवतोय. मी शंभरच. पुढे गेला तेव्हा खिडकीतून जे काही म्हणाला ते लिहीत नाही.

समोरून येणारे नेहमीसारखं स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करतात. आज मी बोटसुद्धा उचललं नाही. कोण जाणे, त्याचेही पॉइंट असतील.

२५ जानेवारी, शनिवार

शनिवार म्हणजे मर्ल. मर्ल म्हणजे माझी नणंद. नेव्हची थोरली बहीण, लग्न केलं नाही, आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात बसून पोरांच्या उशिरा येण्याच्या नोंदी केल्या. आता निवृत्त आहे, पण सवय गेली नाही. शनिवारी मी पलीकडच्या गावी किराण्याला जाते तेव्हा तिलाही न्यायचं, असं नेव्हने लग्नाच्या वर्षी ठरवून ठेवलंय. मला विचारलं नव्हतं.

मर्लच्या लायसन्सवर आजवर एकही पॉइंट नाही. एकही! गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तीच सांगते. कसा असेल? बाई गावाबाहेर गाडीच काढत नाही. ट्रकची भीती. चर्च आणि वाचनालय, वाचनालय आणि चर्च. एवढ्यावर मीही संत झाले असते.

आज पुढच्या सीटवर बसून प्रत्येक पाटी वाचत होती. “ऐंशी, ग्लेनिस.” “साठ, ग्लेनिस.” “पन्नास, ग्लेनिस.” मला डोळे आहेत म्हटलं. “ऑक्टोबरातही होते,” म्हणाली.

अंगाचा तिळपापड झाला. पण पन्नासनेच चालवली.

१ फेब्रुवारी, शनिवार

वॉरिककडे टायर बदलायला गेले. हा गावाचा ज्ञानी. हातात पाना, तोंडात सल्ला. म्हणाला, “तू उगाच भोळी. पॉइंट आले की दुसऱ्याच्या नावावर टाकायचे. माझ्या आजीच्या नावावर सात आहेत.”

“तुझ्या आजीला दिसत नाही, वॉरिक.”

“म्हणून तर तिला कळलेलं नाही.”

स्वतःच्याच विनोदावर एवढा हसला की पाना पडला. असल्या लोकांचं सगळं सुरळीत चालतं. आणि मी मांडीवर फोन ठेवला म्हणून सद्वर्तनात!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मर्लचा फोन. जेवायच्या वेळीच करते. येत्या मंगळवारी डबोला नेशील का, म्हणाली. एक छोटं काम आहे.

डबो! आमचं जवळचं मोठं शहर, तरी जायला दीड तास, यायला दीड. वाटेत तीन कॅमेरे, एक तर पुलाखाली दडवलेला. आणि मंगळवार म्हणजे दोन फेऱ्यांमधला माझा मोकळा दिवस. मी स्पष्ट सांगितलं — या वर्षी पोटासाठी जेवढी चालवावी लागते तेवढीच चालवणार. त्यावर एक किलोमीटर नाही. ना तुझ्यासाठी, ना राजासाठी. गुरुवारी गावची बस जाते, तिने जा.

“गुरुवारी चालणार नाही,” म्हणाली. “मंगळवारच हवा.”

“मग तुझं बिनपॉइंटचं लायसन्स काय मिरवायला आहे? चालव स्वतः.”

मग म्हणाली, “बरं. नेव्हला सांगू नकोस, उगाच सुट्टी काढेल.” ठेवला.

लोकरीचा सेल असणार. त्या दुकानात मंगळवारी पेन्शनवाल्यांना सूट देतात. लोकरीच्या चार गुंड्यांसाठी मी माझं पोट पणाला लावू! वा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फेरी झाली. हातात काही नाही, मांडीवर काही नाही. फोन मागच्या पिशवीत, पिशवीला चेन. गरोदर बाईनेही एवढी जपणूक केली नसेल.

१५ मार्च, शनिवार

नवीन थेर. मर्ल आता मागे बसते! माझ्या बरोब्बर मागे. पुढची सीट रिकामी. मी काय टॅक्सी चालवतेय?

“पुढे ऊन लागतं,” म्हणाली. सकाळी नऊ वाजता कसलं ऊन! आणि मागे बसूनही तोंड बंद नाही. फक्त आता पाट्या थेट मानेवर आदळतात. “पन्नास, ग्लेनिस.” मान आखडली माझी.

नेव्हला सांगितलं तर म्हणाला, “बसू दे ना, तिला बरं वाटतं तर.” या घराण्यात कोणाला काय बरं वाटतं ते पहिलं. मी सोडून.

२९ मार्च, शनिवार

मागेच बसली. आज बोलली कमी, हे एक सुख.

३ मे, शनिवार

गावाचं कृषी प्रदर्शन. मर्ल केकची परीक्षक. गेली कित्येक वर्षं तीच आहे, कारण दुसरी कोणी व्हायला धजत नाही. केक जाळीवर गार केला आणि तळाला जाळीचे ठसे उठले, की गुण कापले. मलई एका बाजूला जास्त झाली, की कापले. माझ्या स्पंजला तीन वर्षांपूर्वी तिने याच कारणावरून खाली बसवलं होतं. भावजयीचा केक! तळ उलटा करून सगळ्यांना दाखवला होता. मी विसरलेले नाही.

यंदा मी ठेवलाच नाही. नुसती बघायला गेले. मर्ल मधोमध उभी आणि बक्षिसाच्या रिबिनी लावायला दुसऱ्या बाईला पिटाळत होती. आधी स्वतः लावायची, टाचणीसुद्धा कोणाला धरू द्यायची नाही. आता राणीसाहेबांना डावा हात वर करायचाही कंटाळा. डावा हात छातीशी धरून, उजव्या हाताने बोट दाखवत, “तो नाही, त्याच्या शेजारचा.”

पॉइंट कापणारे सगळे एकाच मातीचे. मग ते केकवाले असोत नाहीतर कॅमेरेवाले.

वॉरिकने लांबूनच ओरडून विचारलं, “काय ग्लेन, वागतेस ना नीट?” सगळे हसले. मीही हसले. दात दाखवण्यावर पॉइंट नाहीत.

५ जून, गुरुवार

टीगनचं लग्न शनिवारी, डबोत. धाकट्या दिराची मुलगी. आणि बाईसाहेबांनी मुहूर्त धरला तो राजाच्या वाढदिवसाच्या लाँग वीकेंडचा. पॉइंट दुप्पट! वर्षाचे सगळे दिवस मोकळे होते.

नेव्ह उद्याच ट्रकमधून टेबलं आणि तंबू घेऊन जाणार. त्यामुळे शनिवारी मर्ल माझ्या वाट्याला. मर्लने केलेला लग्नाचा केकही माझ्या वाट्याला. तीन मजले, तीन खोके, आणि एका मजल्यावर ओरखडा उठला तर माझा जीव घेईल.

मी नाही म्हणून बघितलं. नेव्ह म्हणाला, “पुतणीचं लग्न आहे, ग्लेन.” आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला त्याने. म्हणून हो म्हटलं.

७ जून, शनिवार

लग्न झालं. केक पोचला. मीही पोचले.

निघताना तमाशा. मागच्या सीटवर तीन खोके, त्यांच्यात टॉवेल, त्यांना आधाराला उशा. मर्ल तरी म्हणते, “मी मागे बसते, केक मांडीवर घेते.” अख्खा मजला मांडीवर! मी हात धरून पुढे बसवलं. पट्टा लावलास का विचारलं. लावला म्हणाली. टक्क आवाज ऐकला मी. खात्रीने ऐकला. माझे डोळे रस्त्यावर, सगळ्या पाट्यांवर, आणि आरशात केकवर. शेजारी नव्हते. शेजारी मर्ल होती, तिच्याकडे कशाला बघायचं? नियमांचं पुस्तक बसलंय शेजारी, आणखी काय हवं.

पूर्ण रस्ता गाडी मर्यादेच्या आत चालवली. नव्वदच्या जागी अठ्ठ्याऐंशी. लोक शिव्या देत पुढे गेले. मी मात्र गाणं गुणगुणत होते. खरंच. म्हटलं, काढा फोटो. माझ्यात आता काय सापडतंय बघू.

केकचं सगळ्यांनी कौतुक केलं. मर्लने तो कापताना सुरी उजव्याच हाताने धरली, आणि लवकर जाऊन पडली. नाचायलाही थांबली नाही. कधी थांबली होती?

१ जुलै, मंगळवार

सहा पॉइंट.

माझे नाहीत! माझ्या वेगाचे नाहीत, फोनचे नाहीत, दारूचे नाहीत. शेजारी बसलेल्या बाईने पट्टा नीट लावला नाही म्हणून चालवणारीला तीन पॉइंट, लाँग वीकेंड म्हणून दुप्पट. टक्क आवाज खरा होता. पट्टा लावला होता. पण खांद्यावरून जायचा तो तिरका भाग तिने काखेखालून घेतलाय! फोटो बघितला. अगदी स्वच्छ आहे. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, परीक्षेला बसल्यासारखी. आणि शेजारी मर्ल, डावा हात पट्ट्याच्या वर काढून, डोळे मिटून.

मर्ल! जिने पोस्टाच्या दारात गाडी लावली म्हणून पाद्र्याची तक्रार केली होती. ती मर्ल!

सहा महिने. पॉग्सनला कुठून कळलं देव जाणे, दुपारीच फोन आला. “काही मदत लागली तर सांग.” गिधाड.

२ जुलै, बुधवार

फेरी संपवून थेट तिच्या दारात गेले. नोटिशीचं लाटणं करून हातात. आत ये म्हणाली, मी उंबऱ्यावरच उभी राहिले.

“का केलंस?”

“खुपत होता.”

“खुपत होता! एक लहान पोर दीड तास पट्टा लावून बसतं. पाच महिने माझ्या मानेवर बसून पाट्या वाचल्यास, आणि स्वतःला एक पट्टा सांभाळता आला नाही?”

“माझी चूक आहे,” म्हणाली. एवढंच. माझी चूक आहे! चूक तुझी आणि लायसन्स माझं.

मी सांगितलं तिला — शनिवारचा किराणा आता स्वतः आण. सरकारने मला सहा महिने घरी बसवायच्या आधी मीच तुला खाली उतरवते. आणि केकचे गुण कापतेस ना, आता गावाला सांगते तुझ्या तळाला कसले ठसे आहेत.

दार लावून घेतलं तिने. हळूच. तिला आपटताही येत नाही.

५ जुलै, शनिवार

क्लबात सांगितलं. सगळ्यांना. वॉरिक हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी. “मर्लने? आपल्या मर्लने?” एकाने तिच्यासाठी बाळाची सीट आणायची म्हटलं. दुसऱ्याने तिला टपावर बांधायला सांगितलं. मी आणखी तेल ओतलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

नेव्ह अर्धा ग्लास सोडून घरी निघून गेला.

८ जुलै, मंगळवार

कहर झाला. सकाळी मर्ल दारात. चर्चला जाते तो कोट घातलेला. चहा नको म्हणाली. बसली नाही.

“मी चालवत होते असं लिहून देऊ,” म्हणाली. “माझ्या लायसन्सवर काही नाही. मला सहा झाले तरी काय बिघडतं? मी सही करते.”

मला आधी कळलंच नाही. मग हसू फुटलं. वॉरिकची आजी परवडली! चाळीस वर्षं उशिरा आलेल्या पोरांची खोटी कारणं ओळखणारी बाई माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून खोटी सही करायला निघालीय.

“मर्ल, फोटोत तू डावीकडे बसलीस. स्टिअरिंग उजवीकडे असतं. तुझ्या गाडीतसुद्धा.”

तिचा चेहरा उतरला. तिला हे सुचलंच नव्हतं. मर्लला! “मग दुसरं काय करता येईल?” असं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, आता शोभा बघ.

गेल्यावर नेव्ह म्हणाला, “ती खोटं बोलायला तयार झाली, ग्लेन. काहीतरी असेल.” मी म्हटलं, असेल काय, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. नावाला जपते, माझ्या पोटाला नाही.

१२ जुलै, शनिवार

नीट लिहायचा प्रयत्न करते.

नेव्हने गळ घातली म्हणून तिला किराण्याला घ्यायला गेले. शेवटचंच, म्हटलं. ती सवयीने मागचं दार उघडायला लागली. माझं डोकं फिरलं. पुढे बस म्हटलं. आज दाखव मला. कुठे खुपतो तो पट्टा, एकदा बघू दे. मी त्याच्यासाठी सहा महिने देतेय, मला बघायचा हक्क आहे.

“राहू दे ग्लेनिस,” म्हणाली.

“बस.”

बसली. मी तिच्या बाजूला जाऊन पट्टा ओढला, डाव्या खांद्यावरून तिरका घेतला, आणि घट्ट केला. रागाने केला. चांगला दाबून.

तिच्या तोंडून आवाज आला. तसला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. माझा हात पट्ट्याखाली अडकला होता, तिच्या ब्लाऊजवर. आत रुमालाची जाड घडी ठेवलेली. आणि घडीच्या खाली कडक काहीतरी. गळ्याच्या हाडाच्या खाली, पार काखेपर्यंत. हाड नव्हतं ते.

पट्टा सोडला. दोघी तशाच. रस्त्यावरून वॉरिकची गाडी गेली, त्याने बोट उचललं, मीही उचललं. का उचललं कोण जाणे.

मग सगळं एकेक करून डोक्यात आलं. गाडी चालवताना पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. माझ्या मागे बसलं तरी उजव्याच. पुढे शेजारी बसलं तरच डाव्या. ऊन नव्हतं. रिबिनींचा कंटाळा नव्हता.

“किती दिवस झाले?”

“झाले बरेच.”

“नेव्हला माहितीय?”

“नेव्हला कशाला.”

“डॉक्टरकडे का गेली नाहीस?”

“राहून गेलं.”

राहून गेलं! दूधवाल्याचं बिल राहून जातं. मी ओरडले तिच्यावर. हो, ओरडले. माझा राग गेला नाही. जायला हवा होता, पण तो तिथेच होता आणि त्याच्यापुढे आता काही दिसत नव्हतं. एवढी वर्षं प्रत्येक पाटी वाचून दाखवलीस, हे एक सांगता आलं नाही का तुला?

ती पुढे बघत होती. “यादी घेतलीस का?” म्हणाली. “पीठ संपलंय माझं.”

मागचं दार उघडून दिलं. मागे बसली. पट्टा मी लावला.

१५ जुलै, मंगळवार

गावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नेव्ह बाहेर बसला, टोपी गुडघ्यावर. बाईंनी तपासलं, आणि आमच्याकडे न बघता डबोला फोन लावला. पुढच्या मंगळवारी जायचं. तिथल्या इस्पितळात हा तपास मंगळवारीच होतो म्हणाल्या.

मग मर्लने पर्समधून माझी नोटीस काढली! नेव्हकडून मागून घेऊन तिने वाचनालयात प्रत काढून आणली होती. मागचा बारीक मजकूर दाखवला — वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडून फेरविचार मागता येतो. त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ. “हे लिहून द्या,” म्हणाली. “मी आज याच्यासाठीच आलेय.”

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मीही. स्वतःच्या छातीत ते घेऊन बाई माझे पॉइंट सोडवायला आली होती.

पत्र लिहून दिलं त्यांनी.

१९ जुलै, शनिवार

किराणा. मागेच बसली. पन्नासच्या पाटीपाशी मी मुद्दाम बावन्न केली. काही म्हणाली नाही. आरशात बघितलं तर झोपली होती.

२१ जुलै, सोमवार

उत्तर आलं. ताकीद देऊन सोडलं. पॉइंट शून्य!

लायसन्स राहिलं, फेरी राहिली. पॉग्सनला मीच फोन केला आणि म्हटलं, नवी गाडी जपून चालव हं. वॉरिकने क्लबात पाजली. मर्लबद्दल त्याने पुन्हा विनोद सुरू केला तेव्हा मी ग्लास ठेवला आणि सांगितलं, तिचं नाव काढलंस तर तुझ्या आजीच्या सात पॉइंटांचं मी कोणाला सांगीन ते तुला ठाऊक आहे.

पण लाज वाटायची ती वाटतेच. नणंदेच्या गाठीवर सुटले मी. सरकारला तेवढी दया आली. मला आली नव्हती. तरी एवढं म्हणेन — चूक तिचीही आहे. एक शब्द बोलली असती, एकदा मागितलं असतं, तर मी काय नेलं नसतं? मी काय राक्षसीण आहे?

उद्या पहाटे निघायचं. उशी घेतलीय, तिच्या खांद्याला.

२२ जुलै, मंगळवार

डबो. नर्सने पडद्यावर नाव शोधलं आणि म्हणाली, “तुम्ही फेब्रुवारीतच येणार होतात ना? अठरा तारीख, मंगळवार. आला नाहीत.”

मर्ल म्हणाली, “विसरले मी.”

मर्ल आयुष्यात कधी काही विसरलेली नाही.